शँपेनऐवजी स्पार्कलिंग टी: सुवर्णमहोत्सवी समारंभासाठी सल्ला हवा आहे

मेघना_रेडिंग

नमस्कार. येत्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आणि मामंजी यांच्या विवाहाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळच्या एका हॉलमध्ये, आम्ही साधारण ६० जणांचा दुपारचा समारंभ ठरवला आहे. पाहुण्यांपैकी निम्मे इथले शेजारी आणि सहकारी आहेत, तर निम्मे आपले नातेवाईक. इथल्या रीतीप्रमाणे जेवणापूर्वी सर्वांनी पेला उंचावून उत्सवमूर्तींना शुभेच्छा द्यायच्या असतात आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी शँपेन ठेवतात.

मामंजी माळकरी आहेत. सासूबाईही मद्याला स्पर्श करत नाहीत. येणाऱ्या मंडळींतही मद्य न घेणारे पुष्कळ असतील: काही तत्त्व म्हणून, काही औषधोपचार चालू असल्यामुळे, आणि एक भाची गरोदर आहे. अशा लोकांच्या हाती समारंभात सफरचंदाचा रस किंवा संत्र्याचे सरबत दिले जाते आणि ते वेगळ्या, साध्या ग्लासातून येते, हे मी येथे अनेकदा पाहिले आहे. ज्यांचा सोहळा आहे, त्यांनाच दुय्यम पेय मिळावे हे मला मुळीच पटत नाही.

एका मैत्रिणीने स्पार्कलिंग टी, म्हणजे बुडबुडे असलेला थंड चहा, हा पर्याय सुचवला. तो खरोखर मद्यविरहित असतो का, त्याची चव शँपेनच्या तोडीची म्हणता येईल का, आणि तो कसा वाढावा, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. घरी तयार करता येण्याजोगा असेल तर तेही सांगावे.

कोपनहेगनवासी

मेघनाताई, मी कोपनहेगनमध्ये हॉटेल व्यवसायात काम करतो आणि आपण ज्या पेयाबद्दल विचारता आहात त्याला नावलौकिक मिळाला तो याच शहरातून, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

याकोब कोचेम्बा हे येथील एका नामांकित रेस्टॉरंटात सोमेलिए, म्हणजे कोणत्या पदार्थासोबत कोणती वाइन द्यावी हे ठरवणारे तज्ज्ञ, होते. एका गोड पदार्थाला साजेशी वाइन त्यांना तळघरात सापडेना, तेव्हा त्यांनी निरनिराळे चहा वेगवेगळ्या तापमानाला भिजवून त्यांचे मिश्रण करून पाहिले. त्या प्रयोगांतून पुढे २०१७ साली त्यांनी बो स्टेन हान्सेन यांच्यासह कोपनहेगन स्पार्कलिंग टी ही कंपनी स्थापन केली. लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या जुन्या दुकानाच्या नावाने विकला जाणारा स्पार्कलिंग टीदेखील कोचेम्बा यांच्याच सहकार्याने तयार झालेला आहे. तो आपल्याला रेडिंगहून सहज मागवता येईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्पार्कलिंग टी या नावाखाली मिळणारी प्रत्येक बाटली मद्यविरहित नसते. याच कंपनीच्या ‘ब्लो’ आणि ‘ल्यूसरोद’ या बाटल्यांत मद्यार्क ० टक्के असतो. त्यांत चहाला द्राक्षाच्या आणि लिंबाच्या रसाची जोड दिलेली असते. परंतु ‘ग्रोन’ आणि ‘रोद’ या बाटल्यांत वाइन मिसळलेली असून त्यांत ५ टक्के मद्यार्क असतो. बाटल्यांचा आकार सारखा, मांडणी सारखी आणि नावे डॅनिश रंगांची, त्यामुळे घाईत चुकीची पेटी उचलली जाणे अगदी शक्य आहे. हॉलच्या व्यवस्थापकाकडे खरेदी सोपवणार असाल तर बाटलीचे नेमके नाव आणि ‘० टक्के’ हे शब्द लेखी कळवावेत, आणि पेटी आल्यावर घरच्या कोणीतरी लेबल स्वतः वाचावे. जिथे प्रश्न एखाद्याच्या व्रताचा आहे, तिथे एवढी काळजी घेणे यजमानाचे कर्तव्यच आहे असे मी मानतो.

इंग्लंडमध्ये आपल्याला ‘सायचो’ हाही चांगला पर्याय मिळेल. अन्नशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या एका दांपत्याने तो सुरू केला. त्यात अनेक चहांचे मिश्रण नसते, तर एका बाटलीत एकाच प्रदेशातला चहा असतो: जास्मिन, दार्जिलिंग किंवा होजिचा, म्हणजे भाजलेला जपानी हिरवा चहा. पाने थंड पाण्यात २४ तास भिजवून अर्क काढतात. (इ. स. ८०५ मध्ये चीनहून जपानला चहाचे बी नेणारे भिक्षू म्हणून सायचो यांचे नाव सांगितले जाते; त्यांच्यावरून हे नाव ठेवले आहे.)

आणखी दोन पेये याच फळीवर दिसतील. पहिले कोम्बुचा. तोही चहापासूनच होतो, परंतु तो आंबवलेला असतो. आंबवताना थोडा मद्यार्क तयार होतोच आणि तो सहसा ०.५ टक्क्याच्या खाली राखला जातो. कायद्याच्या दृष्टीने अनेक देशांत हे पेय मद्य ठरत नाही, तरीही माळकरी व्यक्तीला ते पूर्वकल्पना न देता देऊ नये. दुसरी मद्यार्क काढून टाकलेली वाइन. ती आधी पूर्ण वाइनच असते; नंतर निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या पद्धतीने तिच्यातील मद्यार्क वेगळा काढतात. त्या क्रियेत सुगंधाचा आणि भरीवपणाचा मोठा भाग निघून जातो, आणि ज्यांनी मद्य वर्ज्य केले आहे त्यांपैकी अनेकांना तिचा उगमच मान्य नसतो. ० टक्क्याचा स्पार्कलिंग टी वाइन कधी नव्हताच. मामंजींना सांगताना ‘हा थंड केलेला, बुडबुडे असलेला चहा आहे’ असे सरळ सांगता येते, आणि त्यात काहीही लपवावे लागत नाही.

दोन_पाने_एक_कळी

कोलकात्यात चहाची चव पारखण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. चव ‘तोडीची’ असते का, या आपल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

उत्तम शँपेनमध्ये जिभेला जाणवणाऱ्या मुख्य गोष्टी म्हणजे धारदार आंबटपणा, बारीक बुडबुडे, अनेक पदरी सुगंध आणि घोट गिळल्यानंतरही टिकणारी चव. फळांचा रस सोड्यात मिसळला तर आंबटपणा आणि बुडबुडे मिळतात, पण घोट घशाखाली गेला की तोंडात फक्त साखर उरते. चहाकडे कॅटेचिनसारखी पॉलिफेनॉल द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे जिभेवर हलका तुरटपणा येतो. हा तुरटपणा पेयाला कणा देतो, तोंड स्वच्छ करतो आणि पुढच्या घासाची इच्छा जागवतो. मद्य नसलेल्या पेयांत हा गुण दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते स्पार्कलिंग टीचे खरे सामर्थ्य याच एका गोष्टीत आहे.

तुरटपणा मात्र प्रमाणातच हवा. उकळत्या पाण्यात कॅटेचिने आणि कॅफिन वेगाने उतरतात. थंड पाण्यात ती सावकाश आणि कमी उतरतात, तर गोडसर, मऊ चव देणारी अमिनो आम्ले चांगली उतरतात. त्याशिवाय गरम पाण्यात काढलेला कडक काळा चहा थंड केला की गढूळ होतो, कारण कॅफिन आणि पॉलिफेनॉल एकमेकांना धरून बारीक कणांच्या रूपाने वेगळे होतात. पारदर्शक, सोनेरी पेय हवे असेल तर थंड पाण्यातला अर्क हाच सुरक्षित मार्ग आहे.

सुगंधाबद्दल सांगताना मला दार्जिलिंगबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या बहराचा चहा फिकट, फुलांच्या वासाचा असतो. मे-जूनमधल्या दुसऱ्या बहराच्या चहाला जो मस्कटेल सुगंध येतो, त्याचे मूळ कोवळ्या पानांतील रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसारख्या किडीत आहे. कीड लागताच झाड स्वसंरक्षणासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते आणि पान कोमेजवताना, वळताना ती अधिक खुलतात. लिनालूल आणि जेरॅनिऑल ही चहातील सुगंधी द्रव्ये मस्कट जातीच्या द्राक्षांतही असतात, आणि इटलीतील आस्ती ही फेसाळ वाइन त्याच द्राक्षांपासून करतात. त्यामुळे दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगमध्ये द्राक्षाची आठवण येणे हा कल्पनेचा खेळ नाही. त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. भारतात भौगोलिक मानांकन मिळवणारे पहिले उत्पादन हाच चहा होता, आणि तो अशा मानाच्या प्रसंगी पेल्यात यावा याचा मला मनापासून आनंद वाटतो.

चहात उणीव आहे ती आंबटपणाची. चहाचा सामू (pH; तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ५ च्या आसपास असतो, तर शँपेनचा ३ च्या थोडा वर. म्हणूनच उत्पादक त्यात लिंबाचा किंवा द्राक्षाचा रस घालतात. रसासोबत साखरही येते, तेव्हा लेबलवरचा साखरेचा आकडा अवश्य पाहावा. तो १०० मिलिलिटरला दिलेला असतो. त्याला १० ने गुणले की एका लिटरचे प्रमाण मिळते. ब्रूत, म्हणजे कमी गोड, प्रकारच्या शँपेनमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. अनेक स्पार्कलिंग टी यापेक्षा बरेच गोड निघतात. मधुमेही पाहुण्यांना हे आधी सांगितलेले बरे.

बुडबुड्यांच्या बाबतीत शँपेन पुढेच राहील. तिथे बाटलीतच दुसऱ्यांदा किण्वन होते, त्यातून सुमारे ६ वातावरणांइतका दाब निर्माण होतो, आणि मृत यीस्टच्या सान्निध्यात महिनोन्महिने राहिल्याने तिला भाजलेल्या पावासारखा वास येतो. स्पार्कलिंग टीमध्ये कार्बन डायऑक्साइड बाहेरून भरतात. हा फरक मान्य करूनच त्याची चव घ्यावी. शँपेनची हुबेहूब प्रतिकृती म्हणून त्याकडे पाहिले तर तो उणा वाटेल. स्वतंत्र पेय म्हणून पाहिले तर तो आपल्या जागी पूर्ण आहे.

रत्नागिरीकर

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी मला एक वेगळा विचार मांडावासा वाटतो. ज्या दांपत्याचा सोहळा आहे त्यांच्या आयुष्यात शँपेनला कधीच स्थान नव्हते. मग त्यांच्या हाती शँपेनसारखे दिसणारे पेय देण्याचा आग्रह कशासाठी? आपल्याकडे कोकम आहे. त्याचा रंग कोणत्याही गुलाबी वाइनपेक्षा देखणा असतो, त्याला स्वतःचा आंबटपणा असतो आणि ते इंग्लंडमधील भारतीय दुकानांतही मिळते. साखरेत मुरवलेल्या कोकमाचा पाक थंड सोड्यात मिसळला तर पेला अतिशय सुंदर दिसतो. (मिठातले आगळ घेऊ नये, ते सोलकढीसाठी ठीक.) परक्या रीतीशी जुळवून घेताना आपले पेय मागे का पडावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मेघना_रेडिंग

रत्नागिरीकर, आपला मुद्दा मी घरी वाचून दाखवला. सासूबाईंना कोकमाची कल्पना अतिशय आवडली, आणि जेवणाबरोबर कोकम सरबत ठेवायचे हे नक्की झाले. शुभेच्छांच्या वेळी मात्र मला एक गोष्ट साधायची आहे. त्या क्षणी ६० हातांत एकसारखे पेले असावेत आणि कोणाच्या पेल्यात काय आहे यावरून कोणी वेगळे दिसू नये. गरोदर भाचीला आणि औषधे चालू असलेल्या एका सहकाऱ्याला त्याचे कारण चारचौघांत सांगण्याची वेळ येऊ नये, हाही त्यामागचा हेतू आहे. कोकमाच्या लाल रंगामुळे ते साधणार नाही. म्हणूनच मी असे ठरवते आहे की शुभेच्छांसाठी शँपेन ठेवायचीच नाही. सर्वांनाच, घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना, स्पार्कलिंग टी द्यायचा. हे इथल्या पाहुण्यांना रुचेल का, आणि सगळ्यांसाठी विकत घेणे परवडले नाही तर काही भाग घरी करता येईल का?

वैशाली_कोथरूड

मेघना, सर्वांना एकच पेय देण्याचा तुझा निर्णय मला फार योग्य वाटला. घरी करण्याची जी पद्धत मला हमखास जमते ती सांगते.

एक लिटर पाण्याला २० ग्रॅम दार्जिलिंगची पाने घे. हे प्रमाण नेहमीच्या थंड चहाच्या साधारण दुप्पट आहे, कारण पुढे त्यात तेवढाच सोडा घालायचा आहे. पाने थंड पाण्यात घालून, झाकण लावून फ्रीजमध्ये रात्रभर ठेव आणि सकाळी आधी चाळणीतून, मग कागदी फिल्टरमधून गाळ. तुमच्याकडच्या नळाच्या पाण्यात चुन्याचे प्रमाण बरेच असते. अशा जड पाण्यात चहाचा सुगंध दबतो आणि रंगही मंद होतो, म्हणून फिल्टर केलेले किंवा कमी क्षारांचे बाटलीबंद पाणी वापर.

गाळलेल्या अर्कात पांढऱ्या द्राक्षांचा रस थोडा थोडा घालत चव पाहा. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते, त्यामुळे आंबटपणाला वाइनची जात येते. नुसत्या लिंबाने पेय सरबताकडे झुकते. लिंबू शेवटी, अगदी थोडे. गुलाबी रंग हवा असेल तर लाल अंबाडीची वाळलेली बोंडे चहासोबत भिजव. वर उल्लेख आलेल्या ‘ल्यूसरोद’मध्येही हिबिस्कस असते, ते हेच. मात्र बोंडे मूठभरच घे, नाहीतर चहाचा पत्ताच लागणार नाही.

सोडा भरण्याच्या यंत्रात चहा थेट घालू नकोस. चहातील सॅपोनिनांमुळे त्याला भरपूर फेस येतो, तो बाटलीबाहेर उसळतो आणि यंत्रही खराब होते. साध्या पाण्याचा कडक सोडा करून तो बर्फासारखा गार ठेवावा, अर्कही तेवढाच गार असावा, आणि वाढण्याच्या क्षणी पेल्यात आधी अर्क व मग पेला तिरपा धरून सोडा ओतावा. गार द्रवात वायू जास्त टिकतो. दोन्हींपैकी एक जरी कोमट असेल तरी बुडबुडे क्षणात निघून जातात.

हा अर्क दुसऱ्या दिवशीपर्यंत संपव. कंपन्यांच्या बाटल्या प्रक्रिया केलेल्या असतात, घरचा चहा तसा नसतो. घरगुती पेय काचेच्या साध्या बाटलीत दाबून बंद करून ठेवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण शँपेनची बाटली जाड काचेची असते ती दाब सोसण्यासाठीच.

६० जणांसाठी सगळे घरी करणे मला व्यवहार्य वाटत नाही. पेल्यात दोन द्रव मोजून ओतायला माणसे लागतात आणि शेवटचा पेला भरेपर्यंत पहिला शमलेला असतो. उत्सवमूर्तींच्या टेबलासाठी आणि आदल्या संध्याकाळच्या घरच्या जेवणासाठी ही कृती ठेव. हॉलमध्ये बाटल्याच बऱ्या.

कोपनहेगनवासी

वैशालीताईंशी सहमत आहे. मेघनाताई, शुभेच्छांपुरते प्रत्येकी १०० मिलिलिटर धरले तर ६० जणांना ६ लिटर लागेल, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ८ बाटल्या. ओतताना होणारी नासाडी आणि पुन्हा मागणारे पाहुणे धरून १२ बाटल्या घ्याव्यात. न उघडलेल्या बाटल्या परत घेणारे विक्रेते इंग्लंडमध्ये असतात. मागणी नोंदवतानाच विचारून ठेवा.

इथल्या पाहुण्यांना रुचेल का, या शंकेबद्दल माझा अनुभव आश्वासक आहे. येथे मेजवानीच्या सुरुवातीला सर्वांनाच स्पार्कलिंग टी दिला, तर मद्य घेणारेही तो आवडीने घेतात. अट एकच, की तो क्षमा मागितल्यासारखा देऊ नये. शँपेनसाठी जी तयारी कराल तीच करा: बाटली पाहुण्यांसमोर उघडावी, पेले ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी किंचित निमुळते आणि पोटाशी रुंद असावेत, कारण अगदी अरुंद पेल्यात चहाचा सुगंध नाकापर्यंत पोहोचत नाही. बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवाव्यात, परंतु वाढताना तापमान ८ ते १० अंश सेल्सिअस असावे. त्याहून गार केल्यास तुरटपणा पुढे येतो आणि सुगंध मागे पडतो. पेल्यात बर्फ घालू नये.

सोबत काय ठेवावे याबाबत थोडेसे. जास्मिनचा चहा सुरळीच्या वड्यांसारख्या सौम्य पदार्थांबरोबर शोभतो. अळूवडी, कोथिंबीर वडी अशा तळणीबरोबर दार्जिलिंग घ्यावा, कारण त्याचा तुरटपणा तेलकटपणा कापतो. तिखट पदार्थ मात्र या वेळी टाळावेत. बुडबुडे तिखटाची जळजळ वाढवतात. श्रीखंडाच्या वाटीबरोबर हा पेला देऊ नये, कारण पदार्थ पेयापेक्षा गोड असेल तर पेय पाणचट आणि आंबट लागते. शुभेच्छा जेवणापूर्वीच आहेत, त्यामुळे आपल्याला ही अडचण येणार नाही.

भाचीसाठी एक सूचना: हा चहाच असल्यामुळे त्यात कॅफिन असते. गरोदर स्त्रियांनी दिवसभरात २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये असा ब्रिटनमधील आरोग्यसेवेचा सल्ला आहे. १०० मिलिलिटरच्या पेल्यातून येणारे कॅफिन त्या मर्यादेच्या खूप खाली राहते, तरी तिने दिवसातला इतर चहा-कॉफीचा हिशेब धरावा आणि डॉक्टरांनी कॅफिन पूर्ण बंद केले असल्यास तसे आधीच कळवावे. तिच्यासाठी पांढऱ्या द्राक्षांचा रस गार सोड्यात मिसळून त्याच आकाराच्या पेल्यात भरता येईल. त्याचा रंग जास्मिनच्या चहाशी इतका जुळतो की ताटातले पेले शेजारी ठेवूनही फरक दिसत नाही. तो पेला कोणता हे फक्त वाढणाऱ्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.